वारीत सगळे ‘माऊली’, मग पंगत वेगळी का? धर्म समाजात नेमकं काय करतो, याचं समाजशास्त्र

आषाढ जवळ आला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारच्या पोस्ट यायला लागतात. पहिल्या प्रकारात ड्रोनमधून टिपलेला दिवे घाट असतो, पांढऱ्या टोप्यांची लांबच लांब रांग असते, पावसात फुगडी घालणाऱ्या आज्या असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘इथं जात नाही, पात नाही, फक्त माऊली.’ दुसऱ्या प्रकारात कुणीतरी वैतागून लिहितं की, लोक देवाच्या नादी लागले म्हणून देश मागे राहिला, धर्म म्हणजे अफूची गोळी. मग दोन्हीकडची मंडळी कमेंटमध्ये भिडतात आणि एकादशी होईपर्यंत हे चालू राहतं.

२०२५ मध्ये तर हा वाद थेट विधिमंडळात पोहोचला. जुलै महिन्यात विधान परिषदेत आरोप झाला की वारीत काही संघटनांच्या नावाखाली शहरी नक्षलवादी शिरलेत. त्यावर वारीत संविधान, पर्यावरण, समता असे विषय घेऊन जाणाऱ्या लोकांनी उत्तर दिलं की वारी जेवढी तुमची तेवढीच आमची. थोडक्यात प्रश्न असा झाला की वारी नेमकी कुणाची?

हा प्रश्न एवढा का पेटतो, हे समजून घ्यायचं असेल तर समाजशास्त्राची मदत होते. कारण समाजशास्त्र ‘देव आहे की नाही’ या भानगडीत पडत नाही. ते एवढंच विचारतं की लोक देव मानतात तेव्हा त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांचं काय होतं? कोण कुणाच्या जवळ येतं, कोण लांब राहतं, कुणाच्या हातात सत्ता येते आणि कुणाला लढायची ताकद मिळते?

या प्रश्नाची तीन उत्तरं जगभर शिकवली जातात. तिन्ही उत्तरं देणारे लोक युरोपातले, आणि तिघांनीही वारी कधी पाहिली नाही. पण आपण त्यांची उत्तरं आळंदी ते पंढरपूर या साधारण अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यावर तपासून पाहू शकतो.

रिंगणात नेमकं काय होतं?

पहिलं नाव एमिल दुरखाईम. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ. वडील ज्यूंचे धर्मगुरू, आजोबाही धर्मगुरू, आणि हा स्वतः मात्र नास्तिकतेकडे झुकलेला. १९१२ मध्ये त्याने धर्मावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी टोळ्यांच्या धर्माचा अभ्यास होता (गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाला तो कधीच गेला नाही, सगळा अभ्यास इतरांनी लिहून ठेवलेल्या माहितीवरून).

त्याचं म्हणणं असं होतं की एरवी पांगलेले लोक एका ठिकाणी जमतात, एकच गाणं गातात, एकाच तालावर पावलं टाकतात, तेव्हा त्यांच्यात एक वेगळीच ऊर्जा तयार होते. एकट्या माणसाला घरी बसून ती कधीच जाणवत नाही. लोकांना वाटतं ही ताकद त्या दगडात, त्या झेंड्यात, त्या मूर्तीत आहे. दुरखाईम म्हणतो, ती ताकद खरी आहे, पण ती समाजाची आहे. देवाची पूजा करताना समाज नकळत स्वतःचीच पूजा करत असतो.

ज्यांनी चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही. दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या असतात, टाळ एका लयीत वाजत असतात आणि मधून माऊलींचा अश्व धावत जातो. त्या अश्वावर कुणी बसलेलं नसतं. स्वार दुसऱ्या घोड्यावर असतो. तरी त्या रिकाम्या पाठीकडे बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. माती तीच, शेतातली. पण त्या पाच मिनिटांत ती पवित्र झालेली असते. एखादी साधी गोष्ट ‘पवित्र’ आणि बाकीच्या ‘रोजच्या’ अशी जी विभागणी होते, तीच दुरखाईमच्या मते प्रत्येक धर्माच्या मुळाशी असते.

२०२० मध्ये कोविडमुळे पायी वारी थांबली आणि संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही बसच वापरावी लागली. पादुका पोहोचल्या, पूजा झाली, एकादशी पार पडली. तरीही त्या दोन वर्षी वारी ‘झाली’ असं कुठल्या वारकऱ्याला वाटलं नाही. देव जागेवर होता, पादुका जागेवर होत्या, नव्हते ते फक्त सोबत चालणारे लोक. दुरखाईमला आपल्या म्हणण्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

इथपर्यंत पहिल्या प्रकारच्या पोस्ट टाकणारे खूश असतील. पण थांबा.

इरावतीबाईंना दिंडीत काय दिसलं?

इरावती कर्वे हे नाव आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असतं. पण मुळात त्या समाजशास्त्राच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची जी पिढी घडवली, त्या पिढीतल्या. त्या स्वतः वारीला चालत गेल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. १९६२ मध्ये तो लेख इंग्रजीतून अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्येही छापून आला आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचला गेला.

या लेखातली एक गोष्ट खूप प्रसिद्ध आहे. वाटेत ठिकठिकाणचे लोक येऊन मिळताना पाहून त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली: ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात, तो महाराष्ट्र. हे वाक्य भाषणांत, पुस्तकांत, अगदी राजकीय सभांतही वापरलं जातं.

पण त्याच लेखातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या ज्या दिंडीत होत्या, त्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी होते. सगळे एकत्र चालत होते, एकत्र अभंग म्हणत होते, एकमेकांच्या पाया पडत होते. पण मुक्कामाला पोहोचलं की स्वयंपाक वेगळा आणि पंगत वेगळी. बाईंना हे रोज खुपायचं. सगळे लोक तितकेच स्वच्छ, सगळे आंघोळ करूनच जेवणारे, मग हे दोन भाग कशासाठी? एवढं सोबत चालणं, सोबत गाणं हे सगळं परलोकातल्या एकीसाठीच आहे का, आणि इहलोकात वेगळेपण तसंच ठेवायचं का, असा प्रश्न त्यांनी लिहून ठेवलाय.

मग एक दिवस त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या. एवढ्या एका गोष्टीने वातावरण बदललं. बायका त्यांचा हात धरून चालायला लागल्या, घरातली सुखदुःखं सांगायला लागल्या, ‘ताई’ म्हणायला लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही काही जणी म्हणाल्या. त्यावर एका तरुण पोरीने विचारलं की, तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का?

मला विचाराल तर धर्माच्या समाजशास्त्रातला सगळ्यात नेमका प्रश्न या पोरीने विचारलाय. वारीत निर्माण झालेली जवळीक खरी आहे, यात तिला शंका नव्हती. ती घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकेल का, याची होती. दुरखाईमने धर्म लोकांना जोडतो हे दाखवलं. पण जोडलेल्या लोकांत वर कोण आणि खाली कोण, याकडे त्याने फार लक्ष दिलं नाही.

अफू म्हणजे नक्की काय?

ते लक्ष कार्ल मार्क्सने दिलं. धर्माला अफूची उपमा देणारा त्याचा लेख १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण ‘अफू’ म्हटलं की नशा, व्यसन, गुन्हेगारी असं डोक्यात येतं. पण त्या काळच्या युरोपात अफू दुकानात मिळणारं वेदनाशामक औषध होतं. मार्क्सचं म्हणणं असं की लोक धर्माकडे वळतात कारण त्यांना खरोखर दुखत असतं. धर्म हे दुखणं आहे याचा पुरावा आहे आणि त्यावरचा तात्पुरता उतारासुद्धा. पण औषधाने वेदना कमी झाली की माणूस मूळ आजाराकडे बघत नाही. शेतमजुराला ‘हे गेल्या जन्मीचं भोग आहे’ असं पटलं की तो मजुरी वाढवून मागायला जात नाही. म्हणजे ‘अफूची गोळी’ म्हणून वारकऱ्यांची टिंगल करणाऱ्यांनी मार्क्सचा अर्धाच भाग घेतलेला असतो. त्याचा राग भक्तावर नव्हता, भक्ताला त्या अवस्थेत ठेवणाऱ्या व्यवस्थेवर होता.

आपल्याकडे हा मुद्दा मार्क्स न वाचता आधीच मांडला गेला होता. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. धर्माच्या नावाखाली पुरोहितवर्गाने शूद्रातिशूद्रांना कसं बांधून ठेवलं, याची ती मांडणी. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. पण इथे एक फरक लक्षात घ्या. फुल्यांनी धर्मच नको असं म्हटलं नाही. त्यांनी निर्मिक मानला, पुरोहिताशिवाय लग्नं लावली आणि शेवटचं पुस्तक लिहिलं तेही ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या नावाचं. मध्यस्थ हटवा, धर्म माणसाच्या हातात द्या, ही त्यांची दिशा.

इतिहासाचार्य राजवाडे दुसऱ्याच टोकाहून संतांवर घसरले. फुल्यांचा आणि त्यांचा कसलाही मेळ नाही, पण संतांनी लोकांना टाळ कुटायला लावून निष्क्रिय केलं, असा त्यांचा सूर होता. म्हणजे धर्म माणसाला थंड करतो, हा आक्षेप डाव्यांचाच आहे असं नाही.

रानडे आणि वेबर

याच्या बरोबर उलट म्हणणं न्यायमूर्ती रानड्यांचं होतं. १९०० साली त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात एक संपूर्ण प्रकरण संतांवर आहे. युरोपात जशी प्रोटेस्टंट धर्मसुधारणा झाली, तशी महाराष्ट्रात संतांची चळवळ झाली; तिने जातींचा ताठा कमी केला, लोकांच्या भाषेला मान दिला, आणि त्या जागृतीच्या पायावर शिवाजी महाराजांचं स्वराज्य उभं राहिलं, असा त्यांचा दावा.

योगायोग बघा. यानंतर चार वर्षांनी, १९०४-०५ मध्ये, जर्मनीत मॅक्स वेबरने प्रोटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांच्यावरचा जगप्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा होता की कॅल्व्हिनच्या अनुयायांना आपण स्वर्गात जाणार की नाही, याची प्रचंड धास्ती असायची. मग धंद्यात यश मिळणं हे देवाच्या कृपेचं चिन्ह आहे असं ते मानायला लागले. कष्ट करायचे, चैन करायची नाही, आलेला पैसा परत धंद्यात घालायचा. यातून भांडवलशाहीला लागणारी शिस्त तयार झाली. म्हणजे धर्म माणसाला थंडच करतो असं नाही, तो कामालाही लावू शकतो. रानडे आणि वेबर यांची पुस्तकं वेगळी, विषय वेगळे, पण धर्माच्या कल्पनांनी इतिहास हलतो हे दोघांनाही दिसलं होतं.

पुढे वेबरने भारताच्या धर्मांवरही लिहिलं आणि तिथे मात्र तो घसरला. कर्मसिद्धांत आणि जातिव्यवस्था यांच्यामुळे भारतात आधुनिक भांडवलशाही आपोआप उगवू शकली नाही, असं त्याचं मत. भारतात न येता, ग्रंथांच्या आधारे काढलेला निष्कर्ष. जैन आणि मारवाडी व्यापाऱ्यांकडे बघितलं तरी तो डळमळायला लागतो. अमेरिकेच्या मिल्टन सिंगरने मद्रासच्या उद्योगपतींचा अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की ही माणसं कारखान्यात पक्की व्यावसायिक असतात आणि घरी पक्की धार्मिक, आणि दोन्ही एकत्र सांभाळताना त्यांना काही अडचण येत नाही. कारखान्यात खंडेनवमीला मशीनला हार घालणाऱ्या माणसाला हे सांगायला सिंगर कशाला लागतो, हा भाग वेगळा.

पायरीपर्यंत, पण आत नाही

आता परत पंढरपूरला येऊ. विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. चोखामेळा चौदाव्या शतकातले संत, जातीने महार. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. वारकरी आजही त्या समाधीवर डोकं टेकवतात.

पण समाधी कुठे आहे ते पाहा. दाराबाहेर. ज्या संताचे अभंग मंदिराच्या आत गायले जात होते, त्याच्या जातीच्या माणसाला सुमारे सहाशे वर्षं त्या दारातून आत जाता येत नव्हतं. संत म्हणून मान आणि माणूस म्हणून बंदी, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. चोखोबांना पायरीपाशी जागा देऊन समाजाने आपली सदसद्विवेकबुद्धी शांत केली आणि दार बंदच ठेवलं, असंही कुणी म्हणेल. मार्क्स तर नक्कीच म्हणाला असता.

१९४७ मध्ये साने गुरुजींनी हे दार उघडण्यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. त्यानंतर मंदिर दलितांसाठी खुलं झालं. गुरुजींनी गावोगाव भाषणं केली तेव्हा युक्तिवाद कुठून आणले? संतांकडूनच. ज्या परंपरेच्या नावाने दार बंद होतं, त्याच परंपरेचा हवाला देऊन ते उघडायला लावलं. मार्क्सच्या अफूत हे बसत नाही आणि दुरखाईमच्या एकोप्यातही नीट बसत नाही, कारण इथे धर्माच्या आतच भांडण चाललं होतं.

मंदिरातल्या सत्तेचा प्रश्न त्यानंतरही राहिलाच. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्यासाठी १९७३ मध्ये कायदा झाला. त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी जाहिरात दिली, ज्यात महिला आणि ब्राह्मणेतरही अर्ज करू शकत होते. ‘विठ्ठल गरिबांचा देव’ हे वाक्य शतकानुशतकं म्हटलं गेलं, पण गाभाऱ्यातलं कामकाज बदलायला कायदा, आयोग आणि चार दशकांची कोर्टबाजी लागली.

डॉ. आंबेडकरांनी मात्र वेगळा रस्ता धरला. त्यांनीही आधी दार ठोठावून पाहिलं होतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणाच्या पुस्तकात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक केला. नियम पाळायला लावतात, तत्त्वं विचार करायला लावतात. त्यांचा विरोध पहिल्याला होता.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बाबासाहेबांनी धर्म सोडला, पण निधर्मी झाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. महिनाभराने काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण संपवायचं हे दोघांचंही ध्येय, पण सक्तीने केलेला बदल टिकत नाही, मन बदलावं लागतं, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. समाजाला बांधून ठेवायला नीती लागते आणि नीतीला धर्माचं बळ लागतं, हे दुरखाईमचं म्हणणं त्यांना मान्य झालं असतं. फक्त कुठला धर्म, हे माणसाने तपासून निवडायचं, एवढी मोठी अट त्यांनी घातली.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. बौद्धांमधली साक्षरता ८१ टक्क्यांहून जास्त होती, तर देशाची सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास. आता हे सगळं धम्मामुळेच झालं असं म्हणणं घाईचं होईल. वसतिगृहं होती, शिष्यवृत्त्या होत्या, पीपल्स एज्युकेशन सोसायटीची कॉलेजं होती, शहरांकडे झालेलं स्थलांतर होतं. पण शिकणं हे धार्मिक कर्तव्याइतकं पवित्र मानणारी एक पिढी तयार झाली, हेही खरं. वेबरने कॅल्व्हिनच्या लोकांबद्दल जे म्हटलं, त्याच्याशी हे ताडून बघण्यासारखं आहे.

धर्म संपणार होता, त्याचं काय झालं?

विसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेक समाजशास्त्रज्ञांची खात्री होती की शिक्षण वाढलं, शहरं वाढली, विज्ञान घराघरात पोहोचलं की धर्म आपोआप मागे पडेल. पीटर बर्जर हा त्यातला मोठा अभ्यासक. १९६८ मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की एकविसाव्या शतकात धार्मिक माणसं छोट्या छोट्या गटांपुरतीच उरतील. १९९९ मध्ये त्याच बर्जरने कबूल केलं की आपण चुकलो, पश्चिम युरोप सोडला तर जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे. आपला अंदाज चुकला असं छापील कबूल करणारे विद्वान फार नसतात, म्हणून त्याचं कौतुक.

आपल्याकडे तर मोबाईल आला आणि पालखीचं लाईव्ह लोकेशन दाखवणारी अ‍ॅप आली. इंटरनेटने धर्म कमी केला नाही, त्याला नवा रस्ता दिला.

पण धर्म टिकला म्हणजे नेमकं काय टिकलं? प्यू रिसर्च सेंटरने कोविडच्या लॉकडाऊनआधी भारतात जवळपास ३० हजार लोकांशी बोलून एक पाहणी केली, ती जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी सगळ्या धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. आणि त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदू म्हणाले की शेजारी मुस्लिम चालणार नाही. आपल्या धर्मातल्या बायकांना बाहेरच्या धर्मात लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुस्लिमांनी सांगितलं. जातीबाहेरच्या लग्नाबद्दलही तेच: बायकांना रोखणं फार महत्त्वाचं, असं ६४ टक्के लोकांचं मत.

आदर सगळ्यांचा, सोयरीक आपल्यातच. इरावतीबाईंच्या दिंडीतल्या त्या दोन पंगतीच या आकड्यांतून दिसतात. एका बाजूला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे अभंग-आरती होते. २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं स्वतःहून ठरवलं. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. पण त्याच गावात पोरीने जातीबाहेर लग्न केलं तर काय होतं, हेही आपल्याला माहीत असतं.

जी दोरी बांधते

२०१३ मध्ये नाशिकमध्ये एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा खून केला, कारण तिने दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं. त्यामागे जातपंचायतीचा दबाव होता, हे पुढे आलं आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. ठिकठिकाणांहून तक्रारी यायला लागल्या: वाळीत टाकलं, दुकानदार माल देत नाही, सणाला बोलवत नाहीत, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. यातून २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाळीत टाकणं एवढं जिव्हारी का लागतं? कारण दुरखाईम बरोबर आहे. समाज जेवढा घट्ट बांधलेला, तेवढं त्यातून बाहेर फेकलं जाणं भयानक. ज्या टाळाच्या ठेक्याने माणूस आपला होतो, त्या ठेक्यातून त्याला वगळता येतं, ही पंचांची खरी ताकद. त्यांना पोलीस लागत नाहीत.

आणि हा प्रश्न एका धर्मापुरता नाही. दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूला एखाद्या सदस्याला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार असतो. मुंबई राज्याने १९४९ मध्येच अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहरा धर्मगुरू न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्माच्या कारणावरून बाहेर काढणं हा संप्रदायाने आपला कारभार बघण्याचा भाग आहे, राज्यघटनेच्या कलम २६ ने त्याला संरक्षण आहे, असं बहुमत म्हणालं. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, आणि हा कायदा त्याची प्रतिष्ठा जपतो, असा त्यांचा रोख होता.

१९८६ मध्ये बोहरा समाजातल्या सुधारकांनी या निकालाला आव्हान दिलं. ते प्रकरण अनेक वर्षं पडून होतं. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा, आणि प्रकरण शबरीमलाच्या मुद्द्यांसोबत नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलं. त्या पीठापुढचा प्रश्न असा आहे: संप्रदायाला आपला कारभार बघण्याचा हक्क आहे, आणि माणसाला सन्मानाने जगण्याचाही हक्क आहे, समाज एखाद्याला बाहेर काढतो तेव्हा यातला कुठला हक्क वरचढ धरायचा?